चौकशी अहवाल मागायचा कसा, आणि त्यातल्या काळ्या पट्ट्यांचा हिशेब घ्यायचा कसा

सरकारी चौकशी समितीचा अहवाल माहिती अधिकारात मागणारे बहुतेक अर्ज एकाच जागी अडतात. अर्जात एक ओळ असते, "अमुक समितीच्या संपूर्ण अहवालाची प्रत मिळावी." उत्तरातही एकच ओळ येते, "प्रकरण कार्यवाहीखाली असल्याने माहिती देता येत नाही." मग वाद वर्तमानपत्रात जातो आणि तिथे दोनच बाजू उरतात. एक म्हणते सगळा अहवाल जसाच्या तसा जाहीर करा. दुसरी म्हणते साक्षीदारांची नावं आहेत, एक पानही देता येणार नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधलं कलम १० नेमकं याच पेचासाठी आहे. अहवालातला जो भाग कायद्याने देता येत नाही तेवढाच वगळायचा, बाकीचा द्यायचा, आणि वगळलं ते का वगळलं हे लेखी कळवायचं. पण अर्जदाराने हे कलम मागणीतच लिहिलेलं नसेल तर अधिकारी ते क्वचितच आपणहून वापरतात. म्हणून अर्ज करतानाच सांगून टाका की कोणता मजकूर झाकला तर तुमची हरकत नाही. त्याने तुमची बाजू कमजोर होत नाही. उलट "सगळंच गोपनीय" म्हणायची सोय निघून जाते.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. क्रम चुकला की अपिलात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

## टप्पा १: अहवाल कुठल्या प्रकारचा आहे, हे आधी ठरवा

लोक "चौकशी अहवाल" हा एकच शब्द चार वेगळ्या कागदांसाठी वापरतात. चारही कागदांची वाट वेगळी आहे.

चौकशी आयोग. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेला. या कायद्याचं कलम ३(४) सांगतं की अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारने तो कृती अहवालासह, म्हणजे त्यावर काय कारवाई केली त्याच्या टिपणासह, सभागृहापुढे ठेवला पाहिजे. मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला मिळाला आणि ऑगस्ट १९९८ मध्ये कृती अहवालासह विधिमंडळात आला, म्हणजे मुदत संपत आली तेव्हा.

शासन निर्णयाने नेमलेली समिती. इथे सहा महिन्यांचं बंधन नाही. २६/११ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. तो सभागृहात डिसेंबर २००९ मध्ये आला आणि मधले महिने तो का ठेवत नाही यावरूनच वाद पेटलेला होता.

एका अधिकाऱ्याविरुद्धची विभागीय चौकशी. ही सगळ्यात अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालानंतर कर्मचाऱ्याचे मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा ही वैयक्तिक माहिती मानली जाते. व्यापक सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय इथे काही हाती लागत नाही.

पोलीस किंवा लाचलुचपत विभागाचा तपास. दोषारोपपत्र कोर्टात गेलं असेल तर माहिती अधिकारात डोकं फोडण्यापेक्षा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करणं बरं.

पडताळणी: नेमणुकीची अधिसूचना किंवा शासन निर्णय उघडा. त्यात "चौकशी आयोग अधिनियम, १९५२" हे शब्द आहेत की नाहीत ते डोळ्यांनी बघा. बातमीत "आयोग" लिहिलं म्हणून तो आयोग होत नाही.

## टप्पा २: अर्जाआधी जमवायचे कागद

शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख, समितीची कार्यकक्षा, अहवाल कोणाला आणि कधी सादर झाला, आणि त्याबद्दल सभागृहात मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, एवढं हवं. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. तारांकित प्रश्नांची उत्तरं आणि कामकाजाचं इतिवृत्त विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधा.

मंत्र्याचं सभागृहातलं उत्तर फार उपयोगी पडतं. "अहवाल प्राप्त झाला असून शिफारशी स्वीकारल्या आहेत" असं एक वाक्य कामकाजात सापडलं, की "अहवाल अजून विचाराधीन आहे" हे माहिती अधिकाऱ्याचं उत्तर टिकत नाही. त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा.

अहवाल कुठल्या विभागाच्या ताब्यात आहे हेही बघा. समिती आरोग्याच्या प्रश्नावर असली तरी ती सामान्य प्रशासन विभागाने नेमलेली असू शकते. चुकीच्या विभागात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे फिरतो.

खबरदारी: अहवाल आधीच कुठे जाहीर झाला आहे का, ते बघून घ्या. सभागृहात ठेवलेला अहवाल विधानभवनाच्या ग्रंथालयात असतो. तो असताना अर्ज करून त्यातली पानं वगळून घेण्याची वेळ स्वतःवर आणू नका.

## टप्पा ३: पहिला अर्ज फाइलीसाठी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. अहवाल मागण्याआधी, किंवा त्याच दिवशी वेगळ्या अर्जाने, पुढच्या गोष्टी मागा:

- अहवालाची एकूण पृष्ठसंख्या, खंड आणि परिशिष्टांची संख्या
- अनुक्रमणिकेची प्रत
- अहवाल प्राप्त झाल्याची तारीख आणि आवक क्रमांक
- अहवाल प्रसिद्ध करण्याबाबत किंवा न करण्याबाबत घेतलेल्या निर्णयाची टिपणी

अनुक्रमणिका गोपनीय ठरवणं फार कठीण असतं, त्यामुळे ती सहसा मिळते. आणि ती हातात असली की पुढे मिळालेला अहवाल तोकडा आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळतं. पृष्ठसंख्या माहीत नसलेल्या अर्जदाराला परिशिष्टं गायब झाल्याचा पत्ताही लागत नाही. जबाब, मोजमापं, प्रयोगशाळेचे दाखले परिशिष्टांतच असतात आणि खरा अहवाल बऱ्याचदा तिथेच असतो.

टिपणीचं महत्त्व वेगळं आहे. "जाहीर करू नये" हे कोणी, कुठल्या तारखेला आणि काय कारण देऊन लिहिलं, ते तिथे असतं. त्या टिपणीत कायद्याचं एकही कलम नसेल, तर माहिती अधिकाऱ्याने उत्तरात टाकलेलं कलम नंतर शोधून काढलेलं आहे हे अपिलात दाखवता येतं.

## टप्पा ४: मुख्य अर्ज

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून करायचा. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा हवा. म्हणूनच टप्पा ३ चा अर्ज वेगळा ठेवायचा. केंद्राच्या कार्यालयांसाठी मर्यादा पाचशे शब्दांची आहे.

मजकूर असा ठेवा:

> "शासन निर्णय क्र. ____, दि. ____ अन्वये नेमलेल्या समितीने दि. ____ रोजी सादर केलेल्या अहवालाची सर्व खंड व परिशिष्टांसह साक्षांकित प्रत मिळावी. अहवालातील काही भाग कलम ८ खाली देता येत नसल्यास कलम १०(१) प्रमाणे तेवढाच भाग वेगळा करून उर्वरित अहवाल द्यावा. पीडित व्यक्ती, बालके आणि गोपनीयतेच्या अटीवर जबाब दिलेले साक्षीदार यांची नावे, पत्ते व ओळख पटेल असे तपशील वगळण्यास माझी हरकत नाही. लोकसेवकांनी पदाच्या अधिकारात केलेल्या कृती, समितीचे निष्कर्ष व शिफारशी वगळू नयेत. वगळलेल्या प्रत्येक भागाचे पृष्ठ, परिच्छेद, लागू केलेले उपकलम व कारण कलम १०(२) प्रमाणे कळवावे. अहवाल प्रसिद्ध होण्यात व्यापक सार्वजनिक हित असल्याने कलम ८(२) विचारात घ्यावे. प्रत देण्यापूर्वी अभिलेखाची पाहणी करू द्यावी."

कुठल्या भागाला हरकत नाही आणि कुठल्या भागाला आहे, ही दोन वाक्यं या अर्जाचा कणा आहेत. ती तुमच्या प्रकरणानुसार बदला. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत कोसळल्याची चौकशी आहे. तिथे मुलांची नावं झाकायला हरकत नाही म्हणा, पण ठेकेदाराचं नाव, मोजमाप पुस्तकातल्या नोंदी आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करणाऱ्याचं पदनाम वगळू नये असं स्पष्ट लिहा.

खबरदारी: अर्जात "अहवाल का दडवला?", "दोषींवर कारवाई कधी करणार?" असले प्रश्न घालू नका. माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला कागद. प्रश्न विचारला की "ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं आणि सगळा अर्ज त्यात बुडतो.

खबरदारी: वर्तमानपत्रात फुटलेली पानं अर्जाला जोडू नका. ती कुठून आली याची चौकशी सुरू होते आणि अहवाल बाजूला राहतो.

पडताळणी: पोच घेतली का? तारीख आणि शिक्का नीट वाचता येतो का? इथून तीस दिवस मोजायचे. मध्ये प्रतीच्या शुल्काचं पत्र आलं, तर ते पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीतून वगळले जातात, म्हणून शुल्क त्याच आठवड्यात भरा. तीस दिवस उलटल्यावर माहिती दिली तर ती कलम ७(६) प्रमाणे विनाशुल्क द्यावी लागते.

## टप्पा ५: नकाराचं पत्र वाचायचं कसं

पत्रात उपकलम दिलं आहे का, ते आधी बघा. माहिती नाकारण्याची कारणं कलम ८(१) मध्ये आहेत. मराठी अधिनियमात त्याची उपकलमं क, ख, ग अशी आहेत, पण कार्यालयातली पत्रं सर्रास इंग्रजी क्रमाने लिहिलेली असतात. 'ज' म्हणजे तपासात अडथळा, तर इंग्रजी 'जे' म्हणजे वैयक्तिक माहिती, म्हणजेच मराठीतलं 'ञ'. ही गल्लत होऊन अख्खं अपील भलत्याच मुद्द्यावर लिहिलं जातं. मी खाली मराठी अक्षरं वापरतो.

तपासात अडथळा, ८(१)(ज). सर्वाधिक वापरलं जाणारं कारण. तपास सुरू आहे एवढं म्हणणं पुरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग प्रकरणात २००७ मध्येच सांगितलं आहे की माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवलं पाहिजे. अपिलात विचारा: तपास कोणाकडे आहे, गुन्हा नोंद क्रमांक काय, आणि कोणता परिच्छेद उघड झाल्याने नेमकं काय बिघडेल?

सभागृहाचा विशेषाधिकार, ८(१)(ग). अहवाल सभागृहापुढे ठेवलेला नाही म्हणून देता येत नाही, असं सांगतात. इथे टप्पा १ कामाला येतो. १९५२ च्या कायद्याखालचा आयोग असेल आणि सहा महिने उलटले असतील, तर सरकार स्वतःच कायद्याची मुदत पाळत नाही हे तारखेनिशी मांडा. शासन निर्णयाने नेमलेली समिती असेल, तर तो अहवाल सभागृहात ठेवण्याचं बंधन कुठल्या कायद्यात आहे ते विचारा.

मंत्रिमंडळाची कागदपत्रं, ८(१)(झ). याच उपकलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत, म्हटलं आहे की निर्णय झाल्यावर आणि विषय संपल्यावर तो निर्णय, त्याची कारणं आणि ज्या सामग्रीवर तो घेतला ती सामग्री जाहीर करायची. मंत्र्यांचं सभागृहातलं ते वाक्य इथे जोडा.

"अहवाल अंतिम नाही, विचाराधीन आहे." असं कारण कलम ८ मध्ये नाहीच. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीचं उदाहरण यासाठी पाठ असावं. समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला अहवाल दिला. माहिती अधिकारात तो मागितल्यावर मंत्रालयाने राज्यांची मतं यायची आहेत, अहवाल अंतिम नाही, तो उघड केल्याने राज्याच्या हिताला बाध येईल, अशी कारणं सांगितली. केंद्रीय माहिती आयोगाने ९ एप्रिल २०१२ रोजी अहवाल द्यायचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि १७ मे २०१२ रोजी तिथेही हरलं. २३ मे २०१२ रोजी अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. सिंधुदुर्गापासून महाबळेश्वरापर्यंतच्या गावांच्या भवितव्यावर लिहिलेला अहवाल त्या गावांना जवळजवळ नऊ महिने बघायला मिळाला नव्हता.

जिवाला धोका किंवा गोपनीय स्रोत, ८(१)(छ). हे कारण मनापासून घ्या. जबाब देणाऱ्या माणसाने सरकारवर विश्वास टाकलेला असतो. इथे विरोध करू नका, व्याप्ती विचारा: किती नावं, किती परिच्छेद, आणि नाव काढून मजकूर का देता येत नाही?

वैयक्तिक माहिती, ८(१)(ञ). इथे जुने नमुने वापरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे उपकलम बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, विनाकारण खासगीपणात घुसणारी माहिती अशा अटी होत्या. "जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही" असं परंतुकही होतं. दोन्ही गेलं. आता वैयक्तिक माहिती एवढंच उरलं आहे. म्हणून सगळा भार कलम ८(२) वर द्यावा लागतो, आणि त्यासाठी सार्वजनिक हित म्हणजे नेमकं काय ते लिहावं लागतं: किती सार्वजनिक पैसा, कोणाच्या सुरक्षेचा प्रश्न, कोणत्या शिफारशीवर अंमल रखडला. "जनहितार्थ" हा एक शब्द लिहून भागत नाही.

पडताळणी: नकाराच्या पत्रात कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचं नाव-पत्ता, तिन्ही आहेत का? कलम ७(८) प्रमाणे ती असावीच लागतात. जे नसेल ते अपिलाचा पहिला मुद्दा करा.

## टप्पा ६: अर्धा अहवाल मिळाला, तर पट्ट्यांची नोंदवही

काळी शाई फासलेली पानं हातात आली की लोक लगेच त्यांचे फोटो टाकतात. त्याआधी एक संध्याकाळ द्या आणि नोंदवही बनवा. रकाने सहा: पान, परिच्छेद, अंदाजे किती ओळी झाकल्या, वर आणि खाली काय आहे, सरकारने दिलेलं उपकलम, तुमचा आक्षेप.

शाळेच्या छताचंच उदाहरण पुढे नेऊ. एक नोंद अशी दिसेल: पान ३४, परिच्छेद ५.२, सुमारे नऊ ओळी, वर "ठेकेदाराने सादर केलेली बिले", खाली "शाखा अभियंत्याचा खुलासा", उपकलम ८(१)(ञ), आक्षेप: मागचा-पुढचा मजकूर कामाच्या बिलांबद्दल आहे, नऊच्या नऊ ओळी कोणाची वैयक्तिक माहिती असू शकत नाहीत, नाव असेल तर फक्त नाव झाका.

वर-खाली काय आहे हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण अपील त्यावरच जिंकलं जातं. झाकलेला मजकूर दिसत नसला तरी तो कशाबद्दल आहे हे शेजारच्या ओळी सांगतात.

हे किती महत्त्वाचं आहे ते केरळच्या न्या. हेमा समितीच्या प्रकरणात दिसलं. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी २०१७ मध्ये नेमलेल्या या समितीने ३१ डिसेंबर २०१९ रोजी अहवाल दिला. तो साडेचार वर्षांहून जास्त काळ बंद राहिला. बाजू साध्या नव्हत्या. बायकांनी गोपनीयतेच्या भरवशावर बोललेलं त्यात होतं, म्हणून खुद्द न्या. हेमा यांनीच तो प्रसिद्ध करू नये असं सरकारला कळवलं होतं. दुसरीकडे, नुसत्या शिफारशी जाहीर करून निष्कर्ष दडवले तर अहवालाचा उपयोग काय, हाही प्रश्न खरा होता.

५ जुलै २०२४ रोजी केरळ राज्य माहिती आयोगाने कलम १० ची वाट घेतली. ओळख उघड होईल तो भाग वगळा आणि बाकी द्या, असं सांगताना ४९व्या पानावरचा ९६वा परिच्छेद आणि ८१ ते १०० ही पानं, असा नेमका उल्लेख केला. त्याविरुद्ध एका निर्मात्याने केलेली याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली आणि १९ ऑगस्ट २०२४ रोजी अहवाल बाहेर आला. आयोगाने पान आणि परिच्छेद लिहून दिले होते, म्हणूनच पुढचा आक्षेप घेता आला: ९६वा वगळायला सांगितला असताना त्याच्या पुढचे, १०७व्यापर्यंतचे परिच्छेदही सरकारने काढले, अशी अर्जदारांची तक्रार झाली. आयोगाच्या आदेशात "संवेदनशील भाग वगळावा" एवढंच असतं, तर ही तफावत कोणाला मोजताही आली नसती.

तुमच्या अपिलातही हेच मागा: पान आणि परिच्छेद यांसकट आदेश.

पडताळणी: अनुक्रमणिकेतलं प्रत्येक प्रकरण मिळालेल्या प्रतीत आहे का? पानांचे क्रमांक सलग आहेत का? काळी पट्टी निदान दिसते तरी. काढून टाकलेलं पान दिसतच नाही.

## टप्पा ७: पहिलं अपील

उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, किंवा उत्तरच आलं नाही तर मुदत संपल्यापासून तीस दिवसांत. महाराष्ट्रात जोडपत्र 'ब' आणि वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अपिलीय अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो, कारण नोंदवून जास्तीत जास्त पंचेचाळीस.

अपील दोन पानांपेक्षा मोठं करू नका. नोंदवही परिशिष्ट म्हणून जोडा. मागण्या क्रमाने लिहा: अमुक परिच्छेद खुले करावेत, जिथे फक्त नाव झाकणं पुरेसं आहे तिथे बाकी मजकूर द्यावा, राहिलेल्या प्रत्येक भागासाठी कलम १०(२) प्रमाणे कारणासह सूचना द्यावी. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर आहे, ही ओळ जरूर घाला.

त्रयस्थ पक्षाचा हवाला दिला असेल, म्हणजे "संबंधित कंपनीने हरकत घेतली आहे" वगैरे, तर कलम ११ ची नोटीस कधी काढली ते विचारा. अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत नोटीस आणि त्या पक्षाला दहा दिवस, असा क्रम आहे. त्या पक्षाची हरकत ऐकून घ्यायची असते. अंतिम निर्णय मात्र अधिकाऱ्याचा.

खबरदारी: सुनावणीला जाताना नोंदवहीच्या तीन प्रती न्या. समोरच्याच्या हातात कागद असला की बोलणं परिच्छेदावर राहतं, नाहीतर "तुम्हाला हे कशाला हवंय" इथे घसरतं.

## टप्पा ८: राज्य माहिती आयोग

दुसरं अपील नव्वद दिवसांत, जोडपत्र 'क', पुन्हा वीस रुपये, आणि तुमच्या भागासाठीच्या खंडपीठाकडे. इथे वेळ लागतो, फार लागतो. म्हणूनच आधीचे कागद पक्के हवेत. सुनावणीची नोटीस येईल तेव्हा फाइल उघडून तुम्हालाच सगळं पुन्हा समजलं पाहिजे.

आयोगाकडे एक मागणी न विसरता करा: मूळ, पट्ट्या नसलेला अहवाल मागवून आयोगाने स्वतः वाचावा. कलम १८(४) प्रमाणे कोणताही अभिलेख आयोगापासून रोखून धरता येत नाही. झाकलेलं योग्य झाकलं की नाही, हे न बघता ठरवता येणार नाही. जाणूनबुजून चुकीची किंवा अपुरी माहिती दिली असेल तर कलम २० खालच्या दंडाची मागणीही इथेच करा. दिवसाला अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपये. मात्र अहवाल मिळवणं पहिलं ठेवा. दंडाच्या हट्टापायी मूळ मागणी मागे पडलेली अपिलं पुष्कळ आहेत.

## टप्पा ९: अहवाल हाती आल्यावर, प्रसिद्ध करण्याआधी

आता जबाबदारी तुमच्याकडे आली. सरकारने नाव झाकलं, पण गाव, पद, वय आणि घटनेची तारीख तशीच ठेवली असेल, तर तालुक्यातल्या कोणालाही ती व्यक्ती ओळखता येते. अशी जागा दिसली तर तुम्ही स्वतः झाका, आणि तुम्ही झाकलं आहे हे बाजूला लिहा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. बालकांसाठी पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे. "सरकारनेच दिलेल्या प्रतीत होतं" हा त्यावर बचाव समजू नका.

झाकतानाही चूक होते. पीडीएफवर काळा चौकोन काढला तरी खालची अक्षरं फाइलीत तशीच राहतात आणि निवडून दुसरीकडे चिकटवली की वाचता येतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेला दस्तऐवज अशाच रीतीने उघडा पडला. भरवशाचा उपाय साधा आहे: पान छापा, जाड मार्करने खोडा, झेरॉक्स काढा, झेरॉक्स स्कॅन करा. छापील मूळ पान उजेडासमोर धरलं तर शाईखालचं दिसतं, म्हणून स्कॅन झेरॉक्सचाच करायचा.

पडताळणी: तयार फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. झाकलेल्या जागी बोट दाबून मजकूर निवडता येतो का? शोध खिडकीत झाकलेलं नाव टाकून काही सापडतं का? फाइलीच्या नावातच ते नाव राहिलेलं नाही ना?

अहवालासोबत नोंदवहीही प्रसिद्ध करा, म्हणजे वाचणाऱ्याला काय मिळालं आणि काय अजून बाकी आहे हे एकत्र दिसेल. मग संबंधित विभागाला एक पत्र द्या की दिलेली प्रत कलम ४ प्रमाणे स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा अर्ज करावा लागणार नाही. पत्रात आयोगाच्या आदेशाचा क्रमांक टाका आणि आवक शाखेची पोच घेऊनच बाहेर पडा.